गेमिंग पीसीचा एसएमपीएस निवडताना: आधी भिंत बघा, मग स्टिकर, वॉटचा आकडा सगळ्यात शेवटी

मागच्या मे महिन्यात जळगावहून मामेभावाचा फोन आला. मुलाने बारावीनंतरच्या सुट्टीत पीसी असेंबल करून घेतला होता. गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत पीसी फटदिशी बंद पडायचा आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. दुकानदाराने आधी विंडोज पुन्हा टाकून दिलं, मग रॅम बदलून दिली आणि शेवटी "ग्राफिक कार्ड कंपनीकडे पाठवावं लागेल, महिना लागेल" असं सांगून हात वर केले. मी मामेभावाला म्हटलं, "दादा, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघड आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो पाठव." (एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना हवी तशी करून पुरवणारा डबा.) फोटो आला. वर ठळक अक्षरांत ५०० लिहिलेलं. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॉट. त्या पीसीत आरटीएक्स ३०६० होतं, ते एकटंच १७० वॉट घेतं. प्रोसेसरला उरले ४६.

ग्राफिक कार्ड निवडायला आपण पंधरा दिवस व्हिडिओ बघतो आणि एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत जो येतो तो घेतो. (कॅटलॉगमध्ये त्याला पॉवर सप्लाय म्हणतात, पण काउंटरवर एसएमपीएस म्हटलं की काम लवकर होतं.) तो कसा निवडायचा, ते मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने सांगतो. हा क्रम नेहमीच्या लेखांपेक्षा उलटा आहे, कारण नेहमीचे लेख वॉटच्या कॅल्क्युलेटरपासून सुरू होतात.

पहिली पायरी: भिंतीतला सॉकेट

एसएमपीएसबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं, ते बहुतेक अशा ठिकाणी लिहिलेलं असतं जिथे भिंतीतून येणाऱ्या विजेवर कुणी शंका घेत नाही. आपल्याला तसं करून चालत नाही.

सुरुवात अर्थिंगपासून. अनवाणी पायांनी फरशीवर उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर एसएमपीएस खराब आहे असं लगेच समजू नका. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, आणि त्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) असतात. त्यांतून अगदी किंचित करंट बॉडीवर येतो आणि अर्थिंगमधून जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर त्याला जायला वाट उरत नाही. मग पूर्ण पत्रा घरातल्या व्होल्टेजच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. टेस्टर लावला की दिवा पेटतो. करंट नगण्य असल्यामुळे फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या आत खरंच काही शॉर्ट झालं तर तोच पत्रा जिवावर उठेल. शिवाय अशा पीसीची एचडीएमआय वायर टीव्हीला लावताना ठिणगी पडते आणि पोर्ट जळतात. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे असे पोर्ट कायम येतात.

तपासायला मल्टिमीटर लागतो. सवय नसेल तर वायरमनला बोलवा, चालू सॉकेटमध्ये स्वतः हात घालू नका. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एक-दोन व्होल्ट. असं असेल तर ठीक. जळगावला फेज-अर्थिंगमध्ये १४० दिसत होतं. वायरमनने बोर्ड उघडला तर सॉकेटच्या मागे हिरवी वायर नुसतीच लोंबकळत होती, कशालाही न जोडलेली. घर बांधल्यापासून ती तशीच असावी. दोन स्क्रूचं काम होतं.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. स्टिकरवर "१००–२४०" लिहिलेलं असेल तर त्याला फुल रेंज म्हणतात. काही मॉडेल फक्त "२००–२४०" असतात. पुण्या-मुंबईत फरक जाणवणार नाही. पण गावाकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज १८० वर आलं, की दुसऱ्या प्रकारचा एसएमपीएस स्वतःच्या मर्यादेबाहेर काम करत असतो. फुल रेंज, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (पॉवर फॅक्टर करेक्शन) एसएमपीएस आत येईल ते व्होल्टेज आधी चढवून ३८० ते ४०० व्होल्ट डीसी करतो आणि मग पुढचं काम करतो, म्हणून त्याला कमी व्होल्टेजचं फारसं वाटत नाही. असा घेतला की वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाही. मागच्या बाजूला ११५/२३० असं लिहिलेलं लाल सरकतं बटण दिसलं, तर त्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नाही हे समजून जा आणि तो डबा खाली ठेवा. ते बटण चुकून ११५ वर सरकवलं तर आपल्या २३० व्होल्टवर जो आवाज येतो, तो एकदा ऐकला की आयुष्यभर लक्षात राहतो.

तिसरी गोष्ट इन्व्हर्टर. वीज गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत मध्ये जो क्षण जातो, तो एसएमपीएसने आपल्या पोटातल्या मोठ्या कपॅसिटरवर काढायचा असतो. याला होल्ड-अप टाइम म्हणतात, आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये तो १६-१७ मिलिसेकंदांचा असतो. घरातल्या इन्व्हर्टरच्या मागे बहुधा दोन मोड असतात. यूपीएस मोडवर बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो. साध्या मोडवर त्याहून बराच वेळ लागतो. पंखा आणि ट्यूबलाइटला तो कळत नाही, पीसी मात्र रीस्टार्ट होतो. तेव्हा नवा एसएमपीएस घेण्याआधी ते बटण यूपीएसवर करून बघा. कित्येकांचा प्रश्न तिथेच सुटतो. एक तोटा मात्र आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही, लगेच बॅटरीवर जातो. म्हणजे जिथे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे बॅटरी लवकर संपेल. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीशी त्याचं पटेलच असं नाही. गेमिंग पीसीसाठी प्युअर साइन वेव्हच बघा.

आणि पीसीसाठी वेगळा छोटा यूपीएस घेत असाल तर त्यावर ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलंय म्हणजे ६०० वॉट नाहीत. ते बहुतेक वेळा ३६० वॉट असतात. गेम चालू असताना वीज गेली तर असा यूपीएस पीं करून मान टाकतो.

दुसरी पायरी: बेरीज

आता वॉट. इथे फार वेळ घालवण्याची गरज नाही, कारण पीसीत खरे खादाड दोनच: ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर.

ग्राफिक कार्डाचा आकडा कंपनीच्या पानावर मिळतो. आरटीएक्स ४०६० चा ११५, ५०६० चा १४५, ५०६० टीआयचा १८०, ४०७० चा २००, ५०७० चा २५०, ५०७० टीआयचा ३००, ५०८० चा ३६० आणि ५०९० चा तब्बल ५७५ वॉट. एएमडीकडे आरएक्स ७६०० चा १६५, ९०७० चा २२० आणि ९०७० एक्सटीचा ३०४.

प्रोसेसरच्या बाबतीत फसगत होते ती टीडीपीमुळे, म्हणजे मूळ वेगासाठी छापलेल्या वॉटमुळे. डब्यावर ६५ वॉट लिहिलेला कोअर आय५-१२४०० टर्बोमध्ये, म्हणजे वाढीव वेगात, ११७ वॉटपर्यंत जातो. १२५ वॉटचा आय५-१४६००के १८१ पर्यंत, आय९-१४९००के २५३ पर्यंत. एएमडीच्या नव्या एएम५ रायझनमध्ये ६५ वॉटच्या प्रोसेसरची खरी मर्यादा ८८ आणि १२० वॉटवाल्याची १६२ असते. बेरजेत हे वरचे आकडे धरायचे. गेम खेळताना प्रोसेसर सहसा इतका घेत नाही, पण ती बचत आपल्या बाजूची राहू द्या.

बाकी मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, त्यांचे रंगीबेरंगी दिवे, सगळं मिळून ५०-६० वॉट.

भाच्याच्या पीसीत (मामेभावाचा मुलगा, पण मी त्याला भाचाच म्हणतो) आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ३०६०. ११७ अधिक १७० अधिक ५०, म्हणजे ३३७. ही बेरीज एसएमपीएसच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर यावी असं मी धरतो. ३३७ भागिले ०.६५ केलं की ५१८ येतात, म्हणजे ५५० वॉटचा पुरतो. दोन वर्षांत कार्ड बदलायचं असेल तर ६५०. पुढचं कार्ड २५० वॉटचं आलं तरी बेरीज ४१७ होते, आणि ती ६५० मध्ये ६४ टक्क्यांवर बसते.

इतकी जागा मोकळी कशाला? कारण ग्राफिक कार्डाचा आकडा सरासरीचा असतो. प्रत्यक्षात ते क्षणभर, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ, दुपटीच्या आसपास उसळी मारू शकतं. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली तेव्हा लोकांचे चांगले ७५० वॉटचे एसएमपीएससुद्धा अशा उसळीने बंद पडत होते. त्यांच्यातलं संरक्षण उसळीला शॉर्ट सर्किट समजत होतं. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात म्हणूनच अट घातली गेली की अशा कार्डांसाठीच्या एसएमपीएसने स्वतःच्या वॉटच्या २०० टक्के उसळी १०० मायक्रोसेकंदांपुरती सोसली पाहिजे. पुढच्या वर्षी एटीएक्स ३.१ आलं. आज २५० वॉटच्या वरचं कार्ड घेत असाल तर मी ३.० किंवा ३.१ शिवाय दुसरा घेणार नाही. ११५ वॉटच्या ४०६० साठी मात्र जुन्या मानकाचा, चांगल्या घडणीचा ५५० वॉटही उत्तम चालतो, तिथे ३.१ च्या नावाखाली जादा पैसे देऊ नका.

आणि दर वेळी विचारला जाणारा प्रश्न: हजार वॉटचा लावला तर वीजबिल वाढेल का? नाही. पीसीला जेवढी लागते तेवढीच वीज तो ओढतो, वर स्वतःची थोडी गळती. बिल वाढत नाही, फक्त खिशातले जास्तीचे पैसे जातात.

तिसरी पायरी: स्टिकर वाचणं

हे काम दुकानात उभं राहून करायचं. डब्यावरचा मोठा आकडा बोटाने झाका आणि तक्ता बघा. तक्त्यात +३.३, +५, +१२, -१२ आणि +५ स्टँडबाय असे रकाने असतात. आजचा पीसी जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतो. म्हणून एकच गुणाकार: १२ च्या रकान्यातले अँपिअर गुणिले बारा.

५५० वॉटच्या एका प्रामाणिक एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५.८ अँपिअर दिसतील, म्हणजे ५५० वॉट, अख्खाच्या अख्खा. थोड्या जुन्या डिझाइनमध्ये ४० ते ४३ दिसले तरी हरकत नाही. पण "५००" लिहून १२ व्होल्टला १८ अँपिअर देणारा डबा उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवून बेरीज फुगवतो, आणि ते वॉट तुमच्या कार्डाच्या काही कामाचे नाहीत. १२व्ही१ आणि १२व्ही२ असे दोन रकाने असतील तर दोघांची सरळ बेरीज करू नका. खाली एकत्रित कमाल वॉट दिलेले असतात, ते बघा. दिलेलेच नसतील तर पुढे विचारायची गरज नाही.

दुसरी ओळ तापमानाची. ही स्टिकरवर क्वचित असते, बहुतेकदा कंपनीच्या माहितीपत्रकात सापडते: हे वॉट ४० अंशांवर मिळतील की ५० अंशांवर? थंड हवेच्या देशात हा बारीक मुद्दा असेल. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, कुलरवाल्या खोलीत, टेबलाखालच्या कप्प्यात कोंबलेल्या कॅबिनेटच्या आत काय असेल याची कल्पना करा. ५० अंशांवर पूर्ण वॉटची हमी देणारा तिथे हवा. आतला मुख्य कपॅसिटर १०५ अंशांचा आहे की ८५ चा, हेही त्यासाठीच बघतात.

चौथी पायरी: संरक्षण

माहितीपत्रकात काही आद्याक्षरं लिहिलेली असतात: ओव्हीपी, यूव्हीपी, ओसीपी, ओपीपी, एससीपी, ओटीपी. (शेवटचा ओटीपी बँकेचा नव्हे, तो तापमानाचा.) व्होल्टेज वाढलं, पडलं, करंट जास्त गेला, एकूण वॉट जास्त झाले, शॉर्ट झालं, गरम झालं, तर स्वतः बंद पडायचं आणि बाकीचा पीसी वाचवायचा, एवढंच यांचं काम. ही सहाही असलीच पाहिजेत.

असूनही ती कुठे लावली आहेत याला महत्त्व आहे. २०२१ साली एका मोठ्या, सर्वांना माहीत असलेल्या ब्रँडचे ७५० वॉटचे एसएमपीएस परीक्षकांच्या टेबलावर धूर काढून फुटले. त्यात ओपीपी होतं, पण ते १२० ते १५० टक्क्यांवर लावलेलं होतं. तो आकडा गाठेपर्यंत आतले भाग जळून जायचे. नंतर कंपनीने ती मर्यादा ११० ते १२० टक्क्यांवर आणली. ब्रँड मोठा असला तरी विशिष्ट मॉडेलचा रिव्ह्यू वाचावा, तो यासाठी. एकाच ब्रँडची एक मालिका उत्तम आणि दुसरी भिकार असू शकते, कारण बरेच ब्रँड एसएमपीएस स्वतः बनवत नाहीत; सीसॉनिक, सीडब्ल्यूटी, एफएसपी, सुपर फ्लॉवर, ग्रेट वॉल अशा कारखान्यांकडून बनवून घेतात आणि वर आपला स्टिकर लावतात.

रिव्ह्यूमध्ये एक शब्द हमखास भेटेल: रिपल. म्हणजे १२ व्होल्टच्या सरळ रेषेवर उठणारे बारीक तरंग. मानकात १२ व्होल्टसाठी १२० मिलिव्होल्टची मर्यादा आहे. चांगले एसएमपीएस ३०-४० मध्ये राहतात. आलेखातली रेषा शंभरीकडे सरकत असेल तर मदरबोर्ड आणि कार्डावरचे कपॅसिटर त्याची किंमत मोजतात.

ब्राँझ, गोल्ड वगैरे

८० प्लसचा बिल्ला २००४ पासून आहे आणि लोक त्याला दर्जाचा शिक्का समजतात. तो फक्त कार्यक्षमतेचा आहे: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पीसीला मिळाली आणि किती उष्णता होऊन गेली. संरक्षण, रिपल, आवाज यांतलं काहीही त्यात मोजत नाहीत, आणि चाचणी होते २३ अंशांवर. सायबेनेटिक्स नावाचा दुसरा बिल्ला अलीकडे दिसतो. त्यात कार्यक्षमता आणि आवाज यांचे वेगवेगळे दर्जे असतात. तो असेल तर मी त्याला जास्त मान देतो.

पैशांचा हिशेब करू. पीसी ४०० वॉट घेतोय. ब्राँझ ८७ टक्के धरला तर भिंतीतून ४६० वॉट जातील, गोल्ड ९१ धरला तर ४४०. फरक २० वॉटचा. रोज चार तास गेम, वर्षभर, म्हणजे साधारण २९ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला तीनशेच्याही आत. म्हणजे वीजबिल वाचवायला गोल्ड घेणारा पाच-सात वर्षांत जेमतेम बरोबरीला येतो. गोल्ड घ्यायचा तो दुसऱ्या कारणाने: कमी तापतो, पंखा हळू फिरतो, आणि त्या किमतीला कंपन्या आतलं डिझाइनही बरं देतात. ब्राँझमध्ये घेताना आत डीसी-टू-डीसी रचना (१२ व्होल्टवरून ५ आणि ३.३ व्होल्ट वेगळे बनवणारी) आहे का ते बघा. जुन्या ग्रुप-रेग्युलेटेड प्रकारात १२ व्होल्टवर सगळा भार आला की ५ व्होल्टची लाइन वर सरकते, आणि गेमिंग पीसीत भार नेमका तसाच येतो.

नुसतं "८० प्लस" लिहिलंय, रंगाचं नाव नाही? तो सगळ्यात खालचा दर्जा. "८५ टक्के एफिशियंट" असं लिहून बिल्ल्यासारखं गोल चित्र छापलेलं असेल तर तो बिल्ला छापखान्याने दिलाय असं समजा.

वायरी: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त नुकसान मी बघितलंय ते वायरींच्या गोंधळात.

ग्राफिक कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, सहा पिनच्या वायरीतून ७५, आठ पिनच्या वायरीतून १५०. कार्डाला दोन आठ-पिन लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आणा. एकाच वायरीला शेवटी दोन तोंडं असतात, त्यावर दोन्ही भागवायचा मोह होतो. १६०-१७० वॉटच्या कार्डाला ते चालून जाईल, ३०० वॉटच्या कार्डाला नाही.

प्रोसेसरची आठ-पिन आणि कार्डाची आठ-पिन दिसायला सख्ख्या बहिणी, पण आतली अधिक-उणे बाजू उलटी. प्रोसेसरची ४+४ अशी मधून फुटते, कार्डाची ६+२ अशी. जोर लावावा लागत असेल तर थांबा, तुम्ही चुकीची वायर घुसवताय.

मॉड्युलर एसएमपीएस, म्हणजे ज्याच्या वायरी सुट्या काढता येतात, तो कॅबिनेट नीटनेटकं ठेवायला छान. पण जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला कधीही लावू नका, ब्रँड तोच असला तरी. मदरबोर्डकडचं टोक ठरलेलं असतं, एसएमपीएसकडचं टोक प्रत्येक कंपनी आपल्या मनाने जुळवते. माझ्या एका मित्राने "वायर तर बसतेय" म्हणून हार्ड डिस्कला वीज देणारी जुनी साटा वायर लावली आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले. दोन हार्ड डिस्क गेल्या, आणि एकीत लग्नाचे फोटो होते. वहिनी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, मी त्या दिवशी तिथे नव्हतोही.

आता नवं सोळा-पिनचं प्रकरण. बारा पिन विजेच्या, चार बारीक पिन संकेतांच्या, एका वायरीतून ६०० वॉटपर्यंत. पहिलं रूप १२व्हीएचपीडब्ल्यूआर; २०२२ च्या शेवटी ४५० वॉटची आरटीएक्स ४०९० आली आणि कनेक्टर वितळल्याचे फोटो जगभर फिरले. पूर्ण न बसलेला प्लग हे त्यातलं एक मोठं कारण निघालं. सुधारलेलं रूप म्हणजे १२व्ही-२×६: त्यात संकेतांच्या पिन आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला असेल तर कार्ड जास्त वीज मागणारच नाही. तरी काळजी घ्यायची ती आपणच. प्लग आडव्या हाताने नाही, सरळ दाबा; टॉर्च लावून बाजूने बघा, फट दिसता कामा नये; आणि प्लगपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वायर वाकवू नका. अरुंद कॅबिनेटमध्ये काचेचा दरवाजा वायरीला ढकलतो. तेव्हा कार्डासोबत एसएमपीएसच नाही, कॅबिनेटची रुंदीही मोजा. एसएमपीएसवर मूळ सोळा-पिन असेल तर कार्डाच्या डब्यातला तीन शेपट्यांचा अ‍ॅडॉप्टर डब्यातच राहू द्या.

मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या प्लगवरून) साटा करणारे, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले स्वस्त अ‍ॅडॉप्टर घरात ठेवूही नका. आत वायरी एकमेकींना चिकटतात आणि पेट घेतात.

दुकानात

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तापकीर गल्ली असो की गावातलं कॉम्प्युटरचं एकमेव दुकान असो, तिथे एक वाक्य ठरलेलं आहे: "कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फ्री आहे, कशाला वेगळा घेताय?" त्यावर शांतपणे म्हणायचं, "कॅबिनेट विदाउट एसएमपीएस द्या." बाजारात तशी कॅबिनेट भरपूर आहेत.

माझा ढोबळ नियम असा: पीसीच्या एकूण बजेटचा आठ ते दहा टक्के भाग एसएमपीएसचा. कॅबिनेटला काच आणि दिवे कमी चालतील. घेताना मॉडेलचं पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या, "५५० वॉट एसएमपीएस" एवढंच नको. एकाच मालिकेच्या नावामागे एक अक्षर बदललं की आतलं सगळं बदललेलं असतं. वॉरंटी तीन वर्षांची की पाच, सात, दहा वर्षांची, हा माझ्या मते बिल्ल्यापेक्षा बोलका आकडा आहे. दहा वर्षं सांगणारी कंपनी कपॅसिटर आणि पंख्यात फार कंजुषी करू शकत नाही. वॉरंटी वितरक बघतो की कंपनी, आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे की कुरिअर करावं लागेल, तेही तिथेच विचारा.

जुना वापरलेला कार्ड घ्या, प्रोसेसर घ्या, रॅम घ्या. एसएमपीएस मात्र नवा. तो आतून किती म्हातारा झालाय हे बाहेरून कळत नाही.

बसवल्यावर

कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर पंखा खाली तोंड करून बसवा, आणि कॅबिनेट सतरंजीवर ठेवू नका. बाकी जोडणी सोपी आहे.

पहिल्या संध्याकाळी अर्धा तास ताण द्यायचा: कार्डासाठी फरमार्क, प्रोसेसरसाठी सिनेबेंच, ही दोन्ही सॉफ्टवेअर एकदम. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये राहिली पाहिजे. सॉफ्टवेअरमधला आकडा मदरबोर्डच्या सेन्सरचा असतो, तो थोडा इकडेतिकडे सांगतो; संशय आला तर मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर मल्टिमीटर लावून बघा. क्लिप लावून पंखा फिरतो का बघण्याची जी चाचणी दुकानात करतात, त्यातून एवढंच कळतं की पंखा फिरतो.

पुढे कधी पीसी बंद पडायला लागला तर बंद कसा पडतो याकडे लक्ष द्या. गेम अडकला, निळा स्क्रीन आला, चित्र गेलं पण पंखे फिरतायत, तर शक्यता ड्रायव्हर, रॅम किंवा कार्डाची. पण ऐन ताणात, कसलीही सूचना न देता, बटण दाबल्यासारखं सगळं एकदम काळं झालं, तर आधी एसएमपीएसकडे बघा. विंडोजच्या नोंदीत "कर्नेल-पॉवर ४१" दिसेल. ती नोंद कारण सांगत नाही, फक्त पीसी नीट बंद झाला नव्हता एवढंच सांगते. त्यावरून विंडोज पुन्हा टाकायला निघू नका.

लोडशेडिंगनंतर वीज परत येते तो क्षण आणि पावसाळ्यातल्या विजा या दोन वेळी पीसीचं भिंतीतलं बटण बंद असलेलं बरं. स्पाइक गार्ड लावाच, पण डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकतं, आणि ते स्पाइक गार्डच्या आवाक्यातलं नाही.

जळगावला शेवटी ६५० वॉटचा, फुल रेंज, ५० अंशांचा, ब्राँझ एसएमपीएस गेला. भाच्याने व्हिडिओ कॉलवर स्वतः बसवला. मी म्हटलं, "जुना आणि नवा दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव." जुना आठशे ग्रॅम, नवा सव्वादोन किलो. त्यावर मामेभाऊ काही बोलला नाही, फक्त काट्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "हा जुना भंगारवाल्याला देऊ का? चालू आहे तसा, कुणाच्या तरी कामाला येईल."

"दे," मी म्हटलं, "पण उघडू नकोस, आत कपॅसिटर भरलेला असतो. आणि देण्याआधी सगळ्या वायरी डब्याजवळून काप."